मारुती ८००चं जुनं इंजिन उतरवायचंय? पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

आमच्या अण्णांची १९९७ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० दोन वर्षांपूर्वी तेल प्यायला लागली. मागून निळा धूर, प्लग काळे, चढाला दम नाही. इंजिनाचं बोअर (सिलिंडर आतून खरवडून गुळगुळीत करणं) आधीच दोनदा झालेलं होतं, तिसऱ्यांदा करायला धातू उरला नव्हता. गाडी विकायला अण्णा तयार नाहीत. मग दुसरं त्याच जातीचं इंजिन आणून बसवायचं ठरलं. जुनं आपल्याच शेडमध्ये उतरवायचं, असा हट्ट मी धरला. सोबतीला गल्लीतले एक निवृत्त मिस्त्रीकाका होते. ते स्टुलावर बसून चहा पीत सांगायचे आणि हात माझे चालायचे. गॅरेजवाले हे काम एका सकाळीत उरकतात. मला दोन शनिवार-रविवार लागले. त्यातला अर्धा वेळ कुठे गेला आणि तुमचा कसा वाचेल, ते इथे लिहिते आहे.

हा लेख जुनं इंजिन जमिनीवर येईपर्यंतचाच आहे. नवं बसवण्याबद्दल फारसं लिहिलेलं नाही. पण बसवताना होणारा गोंधळ बहुतेक वेळा उतरवतानाच तयार झालेला असतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

१. इंजिन खरंच गेलंय का, ते आधी बघा

निळा धूर दिसला की लगेच पाने काढू नका. कॉम्प्रेशन गेज भाड्यानं किंवा ओळखीनं मिळतं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा आणि लिहून ठेवा. एखाद्याचं कमी आलं तर प्लगच्या भोकातून त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलेलं आहे. चढलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटकडे संशय जातो, आणि ते काम हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून होतं, अख्खं इंजिन उतरवावं लागत नाही. गाडी सकाळी सुरू करताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावरच तेवढा निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह सीलही कारण असू शकतं. सीलचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही.

२. आधी कागद, मग पाना

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून लोक शेवटी करतात. तिथेच अडकतात.

आरसीवर तुमच्या गाडीचा इंजिन नंबर छापलेला असतो. इंजिन बदललं की तो नंबर बदलतो, आणि आरसीत नोंद नसेल तर गाडी कागदोपत्री संशयास्पद ठरते. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पुढे वाढवायची असते तेव्हा मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडून नंबर ताडून बघतात. विम्याचा दावा करायची वेळ आली तरी तोच प्रश्न येतो.

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल सांगितलं आहे. उत्पादकानं ठरवून दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. म्हणजे ८००मध्ये दुसऱ्या कंपनीचं किंवा डिझेल इंजिन घालायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन घालायचं असेल तर मार्ग आहे. तरी उतरवायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन अर्ज कसा, शुल्क किती आणि तपासणी केव्हा, ते विचारून घ्या. बदल केल्यावर चौदा दिवसांत कळवायचं असतं, त्यामुळे घडी आधीच बसवलेली बरी.

जवळ ठेवायचे कागद असे:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र
- नव्या (म्हणजे जुन्याच, पण तुमच्यासाठी नव्या) इंजिनाचं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला
- ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा कागद
- मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा

तिसऱ्या आणि चौथ्या कागदावर अडून बसा. मला एका विक्रेत्यानं "बिलाचं काय करताय ताई, नगद द्या, दोन हजार कमी करतो" असं सांगितलं होतं. इंजिन चांगलं दिसत होतं, तरी मी उठून आले. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते, आणि इंजिन नंबर टाकून ती ऑनलाइन बघता येते. पैसे देण्याआधी ही दहा मिनिटं खर्च करा.

३. येणारं इंजिन आधी घरी आणा

जुनं उतरवून मग नवं शोधायला निघालात तर गाडी सहा महिने विनाइंजिन उभी राहते. आमच्या ओळखीत अशी एक आहे, तिच्यात आता मांजर राहतं. आधी नवं आणा आणि जुन्याशेजारी ठेवून बघा.

८००चं मूळ इंजिन म्हणजे एफ-८-बी: ७९६ सीसी, तीन सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह. इथे तीन सापळे आहेत.

पहिला सापळा ओम्नीचा. ओम्नीतही याच घराण्याचं इंजिन आहे, पण तिथे ते पुढच्या सीटखाली, गाडीच्या लांबीच्या दिशेनं आणि कललेलं बसतं. ८००मध्ये ते आडवं असतं. विक्रेता "सेमच आहे" म्हणेल. ब्लॉक सारखा दिसला तरी बाहेरची जोडणी सारखी नसते.

दुसरा एमपीएफआयचा, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या इंजिनाचा. कार्बोरेटरच्या गाडीत एमपीएफआय इंजिन घातलं तर टाकीतला पेट्रोल पंप, वायरिंग, सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असं सगळंच मागोमाग येतं. पहिल्या प्रयत्नासाठी हे काम नव्हे.

तिसरा बारा व्हॉल्व्हचा. नंतरच्या काही ८००मध्ये आणि ऑल्टोत एफ-८-डी आहे. आकारमान तेच ७९६ सीसी, पण हेड वेगळं. इंजिन नंबराची सुरुवात वाचूनच पैसे द्या.

विकत घेताना क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकतंय का, खरखर येते का, ते हाताला कळतं. तेलाचं झाकण उघडून आतून बघा. सायीसारखा पांढरट थर असेल तर पाणी तेलात गेल्याची शंका घ्या. प्लग काढून त्यांची तोंडं बघा.

४. जागा आणि सामान

छप्पर हवं, सिमेंटची सपाट जमीन हवी, आणि गाडीच्या पुढे किमान सहा फूट मोकळी जागा हवी. मातीवर जॅक रुततो आणि इंजिन क्रेनची चाकं हलत नाहीत. मिरगाच्या तोंडावर उघड्यावर काम काढू नका. हे मुद्दाम सांगते, कारण आमचं शेड अर्धं उघडं आहे आणि दुसऱ्या रविवारी आम्ही ताडपत्री धरून उभे होतो.

सामान:

- १०, १२, १४ आणि १७चे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट). ८००वर नव्वद टक्के काम एवढ्यात होतं
- लांब दांडीचा रॅचेट आणि एक्स्टेन्शन
- पकड, नोजप्लायर, लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, लाकडी ठोकळा
- एक चपटी पहार, हातभर लांबीची
- जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- एक टनी चेन कप्पी आणि मजबूत तिपाई, किंवा भाड्याची इंजिन क्रेन
- साखळी किंवा मालवाहतुकीचा पट्टा (कपडे वाळत घालायची दोरी नव्हे)
- तीन पसरट घमेली आणि झाकणाचे रिकामे कॅन
- गंज सोडवणारा फवारा
- जखमेवर लावायची पांढरी कापडी चिकटपट्टी आणि बॉलपेन
- आग विझवायचं सिलिंडर. ते नसेल तर निदान दोन बादल्या कोरडी वाळू
- एक माणूस, जो मधेच उठून जाणार नाही

चिकटपट्टीचं नवल वाटेल, पण तेलकट हातानं लावली तरी ती टिकते आणि तिच्यावर पेन उमटतं. साधी पारदर्शक टेप दुसऱ्या दिवशी गळून पडते.

आदल्या रात्री सायलेन्सरच्या जोडणीचे नट आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बोल्ट फवाऱ्यानं भिजवून ठेवा. सकाळी हे नट सुटतात. विसरलात तर आटे जातात आणि मग ड्रिल शोधत फिरावं लागतं.

५. गाडी उभी करणं

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांपुढे-मागे ठोकळे लावा. पुढच्या चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करून ठेवा, कारण चाक हवेत गेलं की ते पान्यासोबत फिरतं. मग जॅक लावून पुढचा भाग घोड्यांवर टेकवा. विटांवर गाडी उभी करू नका. वीट वजन पेलते असं वाटतं आणि एका क्षणी फुटते.

आता बॅटरी. काळी म्हणजे निगेटिव्ह तार आधी काढा, मगच लाल. उलट केलंत आणि लाल तारेवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, आणि शेजारीच पेट्रोलचा पाइप असतो. बॅटरी उचलून लांब ठेवा.

बॉनेट काढायचं असतं. बिजागरीभोवती पेन्सिलनं रेघ मारून ठेवा. नाहीतर परत बसवताना एका बाजूनं फट आणि दुसऱ्या बाजूनं घासणं, हा खेळ दिवसभर चालतो. बॉनेट काढताना दोघं लागतात. फेंडरवर जुनी गोधडी टाका.

६. पाणी, तेल, पेट्रोल

सगळं थंड इंजिनावर. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी भाजतं.

रेडिएटरच्या तळाचा कॉक उघडून कूलंट घमेल्यात घ्या. ते विषारी असतं आणि चवीला गोडसर, त्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात. लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावा. गटारात ओतू नका.

मग इंजिन ऑइल. आणि मग गिअर ऑइल, जे मी विसरले. इंजिन काढायचंय, गिअरचं तेल कशाला काढायचं, असा माझा हिशेब होता. ८००मध्ये एक्सल (चाकं फिरवणारे दांडे) थेट गिअरबॉक्समधून निघतात. पहिला एक्सल ओढला आणि तेल माझ्या कोपरापासून बाहीत शिरलं. त्याचा वास तीन आंघोळींनी गेला नाही.

पेट्रोलचा पंप या इंजिनात हेडवरच असतो, यांत्रिक. टाकीकडून येणारा पाइप काढला की त्याच्या तोंडात योग्य मापाचा बोल्ट घालून वर क्लिप आवळा. कार्बोरेटरकडून टाकीकडे परत जाणारा पाइपही असतो. दोन्हींवर पट्टी लावा: "टाकीतून" आणि "टाकीकडे". हे काम चालू असताना जवळ बिडी-सिगारेट, गॅस, उदबत्ती काही नको. अण्णांना दर शनिवारी शेडमधल्या मारुतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावायची सवय आहे. त्या दिवशी देवाला घरात नेलं.

७. वरच्या तारा, पाइप, केबली

इथे घाई केलीत तर पुढे आठवडा जातो.

आधी फोटो काढा, काहीही न सोडवता. चार बाजूंनी, मग जवळून. प्रत्येक तार काढण्याआधी तिच्यावर आणि ती जिथून निघाली तिथे एकच आकडा लिहिलेली पट्टी लावा. एकाच टोकाला पट्टी लावून भागत नाही. इंजिन निघून गेल्यावर "७" हा आकडा कशाचा, ते सांगायला इंजिन तिथे नसतं. वहीत यादीही करा.

ढोबळ क्रम असा ठेवा. एअर फिल्टरचा डबा काढा आणि लगेच कार्बोरेटरच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधा. मी ते "आत्ता बांधते" म्हणून पुढे ढकललं आणि एक वायसर आत गेला. कार्बोरेटर नव्या इंजिनावर चढवायचा होता, म्हणून तो उतरवून, उलटा करून हलवत बसावं लागलं. त्यानंतर चोक आणि ॲक्सिलरेटरची केबल. मग व्हॅक्यूमचे बारीक पाइप, ज्यांना नंबर देणं सगळ्यात गरजेचं आहे, कारण दिसायला सगळे भावंडं. हीटरचे दोन पाइप. डिस्ट्रिब्युटरची टोपी, प्लगच्या तारांसकट. तारांवर सिलिंडरचे आकडे लिहा. या इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-२ आहे. मग अल्टरनेटर, स्टार्टर, टेम्परेचरचा सेंडर, ऑइल प्रेशरचा स्विच, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची तार. क्लचची केबल गिअरबॉक्सकडच्या टोकाला सोडवा. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागे लपलेली असते, तिच्याकडे पुन्हा येऊ.

बोल्टांसाठी काकांनी शिकवलेली युक्ती: शक्य तिथे बोल्ट काढल्यावर त्याच भोकात हातानं दोन आटे परत फिरवून ठेवायचा. मग डबे नकोत, चिठ्ठ्या नकोत. जिथे शक्य नाही तिथले बोल्ट मिठाईच्या खोक्यात, खोक्यावर नाव. "नंतर लावू जुळवून" म्हणत सगळे एका घमेल्यात टाकलेत तर लांब बोल्ट आखूड जागी जाईल आणि ॲल्युमिनियमचं भोक फोडेल.

कडक झालेले रबरी पाइप पकडीनं पिळू नका. कटरनं लांबीत चिरून काढा आणि नवे आणा. शंभर-दोनशे रुपयांचा पाइप वाचवायला गेलं की रेडिएटरची नळी वाकते.

८. रेडिएटर आणि एसी

रेडिएटर काढाच. "जागा पुरते की" असं वाटतं, पण लोंबकळणारं इंजिन एकदा झुललं तरी जाळी गेली. पंखा विजेवर चालतो, त्याचा प्लग काढला की रेडिएटरसकट बाहेर येतो.

गाडीला एसी असेल तर गॅसचे पाइप उघडू नका. कॉम्प्रेसर ब्रॅकेटवरून सोडवा आणि पाइपांसकट बाजूला बॉडीला तारेनं बांधून ठेवा.

९. खालची बाजू

गाडी घोड्यांवर आहे ना, ते ढकलून बघा. मगच खाली शिरा.

सायलेन्सरचा पुढचा पाइप मॅनिफोल्डपासून सोडवा. गिअर लिव्हरकडून येणारे रॉड गिअरबॉक्सपाशी सोडवा, आणि काढण्याआधी त्यांची दिशा फोटोत घ्या.

आता एक्सल. पहिल्यांदा करणाऱ्याला खरी भीती याची वाटते. चाक काढा. लोअर आर्मचा बॉल जॉइंट जिथे नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या भागात) बसतो तिथला बोल्ट काढा आणि पहारीनं आर्म खाली दाबा. जॉइंट सुटला की हब बाहेरच्या बाजूला ओढता येतो. मग गिअरबॉक्स आणि एक्सलच्या आतल्या जॉइंटच्या मधल्या फटीत चपटी पहार घालून एक छोटा, नेमका झटका द्या. आत क्लिप असते, ती "टक्" करून सुटते. दांडा धरून ओढू नका. दांडा ओढला की आतला जॉइंटच उकलतो, त्यावरचा रबरी बूट फाटतो आणि भलतंच काम निघतं. पहार ऑइल सीलवर टेकवू नका. टेकलीच तर नवीन सील आणा. खरं तर दोन्ही सील आणूनच ठेवा, स्वस्त असतात.

बाहेरचं टोक हबमधून काढायची गरज नाही. आतलं टोक मोकळं झालं की प्लास्टिकची पिशवी बांधा आणि एक्सल तारेनं वर टांगून ठेवा, लोंबकळू देऊ नका. हबमध्ये जॉइंट आणि नट जागेवर असला की इंजिन निघाल्यावरही चाकं लावून गाडी ढकलता येते. नसला तर बेअरिंगवर नको तो भार पडतो. गिअरबॉक्सच्या दोन्ही भोकांत स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते वहीत लिहा.

१०. उचलणं

गॅरेजात दोन-तीन पोरं इंजिनाला दोरी बांधून, त्यातून लोखंडी पाइप घालून खांद्यावर उचलतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ती पोरं रोज उचलतात. तुम्ही उचलू नका.

कप्पी कशाला टांगायची, हा मोठा प्रश्न. पंख्याच्या हुकाला नाही. पत्र्याच्या शेडच्या अँगलला नाही. आंब्याच्या फांदीलाही नाही, ती कितीही जाड असो. तिपाई किंवा भाड्याची क्रेन, बस. दिवसाचं भाडं जातं, पण एक दिवसच लागतो.

आम्ही इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, वरून काढले. साखळी इंजिनावरच्या उचलायच्या कड्यांत अडकवा. कडी नसतील तर हेडच्या मजबूत बोल्टांवर जाड पट्टी लावून तिच्यात अडकवा. मॅनिफोल्ड, अल्टरनेटर किंवा कार्बोरेटरभोवती साखळी गुंडाळू नका. गिअरबॉक्स एका टोकाला असल्यामुळे सगळं तिकडे कलतं. तोल कुठे येतो ते बघून साखळीची एक बाजू आखूड करा. थोडा कल मात्र उपयोगीच पडतो, त्यानं अडचणीतून बाहेर काढता येतं.

साखळी ताणा, म्हणजे वजन कप्पीवर येईल, पण उचलू नका. आता फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन बॉडीला धरणाऱ्या रबरी आधारांचे, बोल्ट काढा. तीन जागी आहेत: डावं, उजवं आणि मागचं. वजन नीट कप्पीवर आलं असेल तर बोल्ट हातानं निघतात. ठोकावा लागत असेल तर साखळी थोडी वर किंवा खाली करा.

मग चार बोटं वर घ्या आणि थांबा. एकानं कप्पी धरायची, दुसऱ्यानं टॉर्च घेऊन चारी बाजूंनी बघायचं. कप्पी माझ्या पुतण्याच्या हातात होती. चार बोटं वर आलं आणि पुढे येईना. तो म्हणाला, "आत्या, अजून दोन ओढ घेतो, निघेल." काकांनी स्टुलावरूनच ओरडून थांबवलं. "येत नसेल तर ओढायचं नाही, शोधायचं." मागे ती स्पीडोमीटरची केबल तशीच लागलेली होती आणि ताणून तारेसारखी झाली होती. पुढे बसवल्यावर काटा थरथरायला लागला तेव्हा ती बदलावीच लागली. त्याच फेरीत अर्थिंगची एक दुसरी तारही सापडली, जी यादीत नव्हतीच. आधीच्या कुणीतरी वाढवलेली. पंचवीस वर्षं जुन्या गाडीत अशी एखादी तार सापडतेच.

सगळं मोकळं असल्याची खात्री झाली की एक वीत वर, थांबा, बघा. पुन्हा एक वीत. इंजिन हातानं हलकेच वळवून गिअरबॉक्सची बाजू आधी बाहेर येते का, ते बघा. बोटं इंजिन आणि बॉडीच्या मध्ये घालू नका. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं, पडलेला पाना, काहीही न्यायचं नाही. पाना पडला तर पडू दे.

बाहेर आलं की गाडी मागे ढकलायची की क्रेन पुढे ओढायची, हे आधीच ठरवा. तिपाई असेल तर गाडीच मागे न्यावी लागते, म्हणून घोड्या काढून चाकं लावायला वेळ राखून ठेवा. इंजिन जुन्या टायरवर उतरवा. लादीवर ठेवलं तर लवंडतं आणि तळाचं तेलाचं पात्र (संप) चेपतं.

११. जमिनीवर आल्यावर लगेच

थकवा आलेला असतो, चहा हवा असतो. घ्या. पण त्याच दिवशी चार गोष्टी उरका.

नव्या इंजिनाच्या नंबराची पेन्सिलनं छाप घ्या, दोन-तीन प्रती. आरटीओत लागते. इंजिन आत बसल्यावर तिथे हात नीट पोचत नाही. जुन्या नंबराचा स्वच्छ फोटोही काढून ठेवा.

जुनं आणि नवं शेजारी ठेवून ब्रॅकेट, सेंडर, पुली, फाउंडेशनची भोकं एकेक जुळवा. नव्याला नसलेलं जुन्यावरून काढून घ्या. आमच्या नव्या इंजिनाला अल्टरनेटरची ताणपट्टीच नव्हती.

गिअरबॉक्स वेगळा केल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघा. नव्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं ऑइल सील आत्ताच बदला. विक्रेता "बेल्ट नवीन आहे" म्हणाला असेल तरी बदला. सील पाचदहा मिनिटांचं काम आहे. नंतर गळालं तर ही सगळी यादी पहिल्यापासून.

रिकामा इंजिन-बे केरोसीन आणि ब्रशनं धुऊन घ्या. वायरिंगवर उंदरांनी मारलेले दात आत्ताच दिसतात. आमच्या गाडीत तीन जागी दिसले. जळकं तेल एका कॅनमध्ये भरून, जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत जुनं इंजिन विकू नका. निरीक्षकांनी दाखवा म्हटलं तर दाखवता यायला हवं. विकायच्या दिवशी हेड आणि बाकीचे ॲल्युमिनियमचे भाग काढून वेगळे तोला. भंगारवाला सगळं लोखंडाच्या भावात धरायला बघतो, आणि अल्टरनेटर-स्टार्टर त्याला तसेच दिलेत तर तांब्याचे पैसेही त्याचेच.